एका दिवसाचा उशीर

शारजा
शुक्रवार, २० नोव्हेंबर १९९८

प्रिय अनू,

तुझं सामान परवा जहाजावर चढलं. एकोणीस खोकी झाली. मुंबईहून पुण्याला टेम्पो येईल, त्याचा नंबर कंपनीवाले तुला कळवतील. शिवणयंत्र नीट बांधलंय. सुजीतची पुस्तकं वेगळ्या खोक्यात आहेत, त्यावर तुझ्या वैभवीवहिनीने हिरव्या पेनाने 'सावकाश' लिहिलंय. सावकाश उघड, असा तिचा अर्थ असावा.

रोल्ला भागातल्या तुमच्या फ्लॅटची किल्ली मी खाली अजीजभाईकडे दिली. किल्ली हातात घेऊन तो म्हणाला, "डॉक्टरसाब, भाभीजी वापस तो आएगी ना?" मी इन्शाल्ला म्हणालो. इथे होणार नसलेल्या गोष्टींनाही लोक तेच म्हणतात, आणि कुणी उलटून विचारत नाही.

अवनीच्या खोलीत भिंतीवर फुग्यांच्या चिकटपट्टीचे तुकडे राहिले होते. ते वैभवीने नखाने खरवडून काढले. शाळेचा दाखला या पाकिटात आहे. तिथे पाचवीत प्रवेश मिळायला अडचण येऊ नये. मराठीचं पुस्तक तिला आधीपासून वाचायला लाव, नाहीतर सगळ्याला इंग्लिशमध्येच उत्तरं देईल.

तू विचारलं नाहीस, तरी लिहितो. सुजीतसाठी करता येण्यासारखं होतं ते सगळं आम्ही केलं. शुक्रवारची सुट्टी असूनही मी स्वतः तिथे होतो. गळ्याच्या शिरेत औषधाची लाईनसुद्धा दुसऱ्या कुणाला टाकू दिली नाही. मलेरिया मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोचला की डॉक्टरच्या हातात फारसं उरत नाही. एक दिवस आधी आला असता तर चित्र कदाचित वेगळं असतं. पण ते मनाला लावून घेऊ नकोस. तुला तरी काय माहीत असणार.

जेवत जा. सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझा दादा


शारजा
शुक्रवार, ३ सप्टेंबर १९९९

प्रिय अनू,

वर्षश्राद्धाला मला येता येणार नाही. रजेचा अर्ज दिला होता, पण आमच्या विभागातले दोघे एकाच वेळी सुट्टीवर आहेत आणि मी हेड असल्यामुळे मलाच थांबावं लागतंय. वैभवी येते म्हणत होती, पण तिला एकटीला पाठवणं मला बरं वाटलं नाही. राग मानू नकोस.

तुझं पत्र तीन आठवड्यांपूर्वीच मिळालं. त्या दोघांची कामंही अंगावर आहेत, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तू विचारलंस, सुजीतचा गळा उजव्या बाजूने एवढा का सुजला होता. साध्या शब्दांत सांगतो. हातांच्या शिरा बसल्या की औषधं द्यायला मोठी शीर लागते. ती गळ्यात असते. तिच्यात सुईवाटे एक बारीक नळी सरकवतात, तिला आम्ही सेंट्रल लाईन म्हणतो. मलेरियात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे सुई जिथे टोचावी तिथे रक्त साचून सूज येते. म्हणजे ते आजाराचंच लक्षण. त्यात वेगळं काही नव्हतं.

कावेरीने तुला पत्र पाठवलं होतं का? माझ्या हाताखालची ती कोइमतूरची डॉक्टर, शेवटचे दोन दिवस तुझ्याजवळ बसून असायची ती. पाठवलं असेल तर मला कळव. मुलगी चांगली आहे, पण एक वर्ष इंग्लंडमध्ये काढून आलीय, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत नवीन काहीतरी शोधत असते. तिच्या बोलण्याने तुझ्या मनात उगाच शंका यायला नकोत.

अवनीने वाढदिवस करायचा नाही म्हणून हट्ट धरलाय असं तू लिहिलंस. घरात कुणी गेलं की एक वर्ष तसं पाळतातच. पुढच्या वर्षी विसरेल. मुलं विसरतात.

दादा


शारजा
शुक्रवार, १६ मार्च २००१

अनू,

तुझं शेवटचं पत्र येऊन दीड वर्ष झालं. फोन केला की "बरी आहे, दादा" म्हणतेस आणि रिसीव्हर सासूबाईंच्या हातात देतेस. मागच्या खेपेला त्या म्हणाल्या, "आता बोलून काय उपयोग म्हणा, पण अनूने एक अख्खा दिवस वाया घालवला." तू तिथेच स्वयंपाकघरात असणार, भांड्यांचा आवाज येत होता.

मी "हं" म्हणालो.

हे तुला सांगायचं म्हणून पत्र लिहायला घेतलं. त्यापुढे आणखी लिहिणार होतो, पण जमत नाही.

माझं बरं चाललंय. आयसीयू सोडलं. हेडचं कामही सोडलं, ते आता एक इजिप्शियन डॉक्टर बघतात. मी डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरात भूल देतो. मोतीबिंदू, तिरळेपणा, अर्ध्या-पाऊण तासाची कामं. पेशंट स्वतःच्या पायांनी घरी जातात. वैभवीला वाटतं मी थकलोय. थकलो नाही. कुणी मान उजवीकडे-डावीकडे वळवून झोपलं की मला तिथे उभं राहवत नाही, एवढंच.

अवनीला आशीर्वाद.

दादा


शारजा
शुक्रवार, २४ जानेवारी २००३

अनू,

वर 'प्रिय' लिहवत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. हे पत्र एकटी असताना वाच. अवनीला किंवा सासूबाईंना काय सांगायचं, ते नंतर तू ठरव.

पंधरा दिवसांपूर्वी मला अवनीचं पत्र आलं. तुला सांगू नये असं तिने लिहिलं होतं. मी तिचा शब्द मोडतोय. तिने इंग्लिशमध्ये चार ओळी लिहिल्या होत्या. "मामा, प्लीज टेल मी द ट्रूथ. डिड बाबा डाय बिकॉज वी वेटेड फॉर माय बर्थडे? आजी सेज वन डे. आई नेव्हर सेज नो." खाली लिहिलं होतं की दर आठ सप्टेंबरला ती दिवसभर काही खात नाही. तुला वाटतं तिचं पोट बिघडतं.

चौदा वर्षांची पोर आहे अनू. मी ते पत्र खिशात घेऊन चार दिवस थिएटरात जात होतो.

आता जे झालं ते क्रमाने लिहितो. तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे.

रविवारी सहा तारखेला तू फोन केलास. सुजीत मुंबईहून परतून बारा दिवस झाले होते आणि त्याला थंडी वाजून ताप आला होता. "दादा, रक्त तपासायला आणू का?" असं तू विचारलंस. तूच विचारलंस. मी म्हणालो, व्हायरल असेल, पॅनाडोल दे, दोन दिवस बघू. दोन दिवस म्हणजे मंगळवार. मंगळवारी अवनीचा दहावा वाढदिवस होता. सुजीत तुला म्हणाला, संध्याकाळी मुलं येणार आहेत, केक आणलाय, उद्या सकाळी जाऊ. तू बुधवारी सकाळी आठ वाजता त्याला घेऊन आलीस. तुझा उशीर एवढाच. तोही माझ्या सांगण्यावरून सुरू झालेला.

बुधवारी रक्तात मलेरिया सापडला, वाईट जातीचा. औषध तासाभरात सुरू झालं. आणि आता मी जे लिहितो ते मी तुला कधीच सांगितलं नाही. गुरुवारी दुपारच्या तपासणीत त्याच्या रक्तातले जंतू अर्ध्याहून कमी झाले होते. शुक्रवारी सकाळी आणखी कमी. औषध लागू पडलं होतं. लघवी कमी होती, बीपी कमी होतं, रक्त गोठवणाऱ्या पेशी फार कमी होत्या, पण तो शुद्धीवर होता, बोलत होता, वर्तमानपत्र मागत होता. सुजीत सुधारत होता अनू. एक दिवस आधी आला असता तरी मी त्याला हेच औषध दिलं असतं आणि ते असंच लागू पडलं असतं.

हे वाक्य मला साडेचार वर्षं लिहिता आलं नाही.


शनिवार, २५ जानेवारी

काल इथेच थांबलो. वैभवी कपडे इस्त्री करत होती, तिने विचारलं, कुणाला लिहिताय. मी म्हणालो अनूला. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे जरा नीट बघितलं. मग मी तिलाही सगळं सांगितलं. ती इस्त्री बंद करून आतल्या खोलीत गेली. अजून माझ्याशी बोललेली नाही.

शुक्रवारी सकाळी सुजीतच्या दोन्ही हातांच्या शिरा बसल्या होत्या. गळ्यात लाईन टाकायला हवी होती, तो निर्णय बरोबर होता. त्या दिवशी सुट्टी, विभागात मी आणि कावेरी दोघंच. तिने ट्रॉली लावली, मान डावीकडे वळवली, मग म्हणाली, "सर, प्लेटलेट्स बहुत कम हैं. नीचे रेडिओलॉजी में सोनोग्राफी का मशीन है. मैं ले आती हूँ. एक बार देखकर डालते हैं."

इंग्लंडमध्ये ती ज्या हॉस्पिटलात होती तिथे गळ्यावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून शीर पडद्यावर बघायचे आणि तिच्यात सुई जाताना डोळ्यांनी दिसायची. तिने मला आधीही दोनदा सांगितलं होतं. मी आमच्या हात बसलेल्या पिढीचा. बोटाने धमनीचा ठोका चाचपायचा, तिच्या बाहेरच्या बाजूला सुई घालायची, शीर सापडतेच. पंचवीस वर्षांत मी हजारभर लाईन टाकल्या असतील. पुण्यात असताना लोक मला दुसऱ्या वॉर्डांतून बोलवायला यायचे. तुला ते माहीत आहे, आई सगळ्या नातेवाइकांना सांगायची.

मी कावेरीला म्हणालो, "यल्ला, चल, ग्लोव्हज दे. मला शीर शोधायला टीव्ही लागत नाही."

सुजीत हसला. त्याने ते ऐकलं, आणि त्याला ते आवडलं.

त्याआधी तो मला म्हणाला होता, "दादा, अनूला खाली चहा प्यायला पाठवा. तिने सकाळपासून काही घेतलं नाहीये. माझ्यासमोर ती हलणार नाही." मी बाहेर येऊन तुला कँटीनमध्ये पाठवलं ते म्हणून. तू एकदा पत्रात लिहिलं होतंस, की नेमकी त्याच वेळी मी चहा पीत बसले. तू त्याच्या सांगण्यावरून गेली होतीस. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, आणखी काय म्हणाले, मग काय झालं. म्हणून ते शब्दसुद्धा मी माझ्याकडे दाबून ठेवले. तुझ्या नवऱ्याचे तुझ्यासाठीचे शेवटचे शब्द.

सुई आत गेली. रक्त आलं. शिरेतलं रक्त काळपट असतं, धमनीतलं लाल आणि उसळतं. सुजीतचं बीपी इतकं कमी होतं की ते उसळलं नाही, आणि काळपट दिसलं. मी शीर समजलो. कावेरी म्हणाली, "सर, एक बार चेक कर लें?" मी तसाच पुढे गेलो. सुईतून तार घातली, तारेवरून जाड नळी सरकवली वाट मोठी करायला. ती नळी शिरेत नव्हती. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत होती.

कळलं तेव्हा मी ती काढून दाबून धरलं. वीस मिनिटं दाबून धरलं. पण रक्त गोठवायला त्याच्याकडे पेशीच नव्हत्या. गळा माझ्या बोटांखाली फुगत गेला. श्वासनलिका एका बाजूला ढकलली गेली, आवाज बसला, मग श्वास अडकला. मी श्वासाची नळी घालायला गेलो तर आत सगळं सुजलेलं, काही दिसेना. तिसऱ्या प्रयत्नात नळी गेली. तोपर्यंत मेंदूला फार वेळ हवा मिळाली नव्हती.

तू कँटीनमधून आलीस तेव्हा तो मशीनवर होता. मी तुला म्हणालो, अचानक तब्येत बिघडली. त्यानंतरचे दोन दिवस तू त्याचा हात धरून बसलीस आणि मी तुला आकडे सांगत राहिलो. ते आकडे खरे होते, पण त्यांना काही अर्थ नव्हता. शुक्रवारी दुपारीच मला कळलं होतं.

केसपेपरवर मी लिहिलं, 'लाईन टाकताना अडचण, गळ्याला सूज, मलेरियामुळे अनेक अवयव निकामी.' कावेरी पेन घेऊन शेजारी उभी होती. मी म्हणालो, हे मी लिहितो, तू घरी जा. तिचं काँट्रॅक्ट त्या महिन्यात रिन्यू व्हायचं होतं आणि त्यावर माझी सही लागणार होती. हे आम्ही दोघांनी बोलून दाखवलं नाही. तिने तुला कधी पत्र पाठवलं नाही हे मला आता माहीत आहे. मी तिच्यावर उगाच संशय घेतला. ती घाबरलेली होती, आणि तिला घाबरवणारा मी होतो.

आता शेवटचं. हे सगळ्यात वाईट आहे.

रविवारी सुजीत गेल्यावर पुण्याला फोन मी केला. तुझ्या सासूबाईंनी विचारलं, "एवढं मोठं हॉस्पिटल, घरचा डॉक्टर, तरी कसं हो झालं?" रडत नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मी म्हणालो, "आणायला एक दिवस उशीर झाला."

ते वाक्य माझं आहे. त्या फोनच्या आधी ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं. मग मी ते तुला पत्रात लिहिलं, वर लिहिलं की मनाला लावून घेऊ नकोस. सासूबाईंच्या तोंडून तू जे रोज ऐकलंस, जे अवनीने भिंतीआडून ऐकलं, ते त्यांचं नव्हतं. माझ्या मानेवरचं जू मी तुझ्या मानेवर ठेवलं, आणि तू कुरकुर केली नाहीस म्हणून मला ते हलकं वाटत गेलं. तू एकदाही कुणाला म्हणाली नाहीस की दादानेच दोन दिवस थांबायला सांगितलं होतं. मला वाचवायला गप्प राहिलीस. मला ते कळत होतं.

अवनीचं पत्र आलं त्याच आठवड्यात आमच्याकडे एक छोटं सोनोग्राफी मशीन आलं, बॅगेएवढं, खास आयसीयूसाठी. इंग्लंडमध्ये गेल्या सप्टेंबरात सल्ला निघाला की गळ्यातली लाईन शक्य तिथे बघूनच टाकावी. कावेरीने सगळ्या विभागांसाठी प्रात्यक्षिक ठेवलं. आता ती सीनियर आहे. तिला एक गळा हवा होता. कुणी पुढे येईना, तेव्हा मी जाऊन झोपलो.

तिने जेल लावलं, थंड. प्रोब ठेवला. पडदा माझ्याकडे वळवला. दोन काळी वर्तुळं दिसत होती. एक जाड काठाचं, ठोके देणारं. दुसरं मोठं, सैल. तिने प्रोब जरासा दाबला, तर ते मोठं वर्तुळ चपटं होऊन मिटलं. ती सगळ्यांना म्हणाली, दबते ती शीर, ठोके देते ती धमनी, लहान मूलसुद्धा ओळखेल. मग म्हणाली की काही माणसांमध्ये शीर धमनीच्या बाजूला नसते, बरोबर वर असते, आणि बोटाला ते कधीच कळत नाही.

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी पडद्याकडे बघत होतो. माझ्या गळ्यात दोन्ही अगदी शेजारी-शेजारी होत्या, पुस्तकात असतात तशा. सुजीतच्या कशा होत्या ते मला कधी कळणार नाही. आम्ही बघितलंच नाही.

जेल पुसायला तिने टिश्यू दिला आणि हळूच म्हणाली, "सर, आप ठीक हैं?" मी म्हणालो, अनूला लिहिणार आहे. ती म्हणाली, "लिख दीजिए."

अवनीला सांग, वाढदिवसाचा त्याच्या जाण्याशी काही संबंध नव्हता. हे तिला माझ्याकडून ऐकायचं असेल तर मी फोनवर सांगेन, ती म्हणेल ते ऐकून घेईन. सासूबाईंना सांगायचं असेल तर हे पत्र द्यायला माझी हरकत नाही.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुलाच पुन्हा काहीतरी करावं लागेल.

दादा


शारजा
शुक्रवार, ११ एप्रिल २००३

अनू,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळींचं. ते मी आता जवळ ठेवत नाही, पाठ झालंय.

अवनीला तिच्यापुरतं सांगितलंस, ती तास-दीड तास रडली आणि मग तिने जेवायला मागितलं, हे कळवलंस. कळवायची तुझ्यावर काही सक्ती नव्हती. सासूबाईंना पूर्ण पत्र वाचून दाखवलंस, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तुझ्या आधी उठून तुझ्यासाठी चहा केला, हेही लिहिलंस. मी वैभवीला ते वाचून दाखवलं. ती हल्ली माझ्याशी कामापुरतं बोलते. मे महिन्यात ती पुण्याला येतेय. तुला चालणार असेल तर तुझ्याकडे उतरेल, नाहीतर तिच्या बहिणीकडे. मी तिच्याबरोबर येणार नाही.

माझं नाव पुन्हा घरात काढायचं नाही, असं तू ठरवलंस. ते मी मान्य करतो. पत्राच्या वर तू 'दादा' न लिहिता 'चारुदत्त' लिहिलंस. वाचताना क्षणभर वाटलं पत्र दुसऱ्याच कुणाचं आहे.

सोबत माझा सहीचा जबाब आहे. जे तुला लिहिलं तेच त्यात लिहिलंय, तारखा आणि वेळा घालून. त्याची एक प्रत मी हॉस्पिटलच्या डायरेक्टरांना दिली. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "डॉक्टर, साडेचार वर्षांनी? व्हाय नाऊ?" मी म्हणालो, माझ्या भाचीने विचारलं म्हणून. चौकशी बसली आहे. तोपर्यंत मला काम बंद आहे, आणि ती संपली की मी राजीनामा देणार आहे. कावेरीने स्वतःहून लिहून दिलं की ती तिथे होती. मी तिला म्हणालो, तुला त्रास होईल. ती म्हणाली, "तकलीफ तो तब से है, सर." तुला तक्रार करायची असेल तर कुठे करायची तो पत्ता जबाबाच्या मागे लिहिलाय. कर. मी विरोध करणार नाही, वकील देणार नाही.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. शेवटच्या ओळीत तू एकच प्रश्न विचारलास. कावेरी म्हणाली तेव्हा ते मशीन खालून वर आणायला किती वेळ लागला असता?

मला नक्की सांगता येईना. माझ्या आठवणीत ते फार लांब होतं, तसं ते असायला मला हवं होतं. म्हणून आज सकाळी मी गेलो. मुद्दाम शुक्रवारी, त्याच वेळेला. रेडिओलॉजीचा तो जुना टेक्निशियन मुनीर अजून आहे, त्याला बोलावून घेतलं. ते मोठं मशीनही आहे, त्याच कोपऱ्यात, आता प्लॅस्टिकने झाकलेलं. मुनीरला काही सांगितलं नाही, नुसतं म्हणालो, हे आयसीयूपर्यंत ढकलत न्यायचंय. त्याने रिसेप्शनवरून किल्ली आणली. दार उघडलं. वायर गुंडाळली. मशीनचं एक चाक अडकतं, ते त्याने पायाने सरळ केलं. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर होती, ती यायची वाट बघितली. सुजीत ज्या खाटेवर होता तिथे आता एक वयस्कर सुदानी गृहस्थ आहेत, ते झोपले होते. त्यांच्या उशाशी मशीन उभं करून मुनीरने प्लग लावला, पडदा उजळला, आणि मी घड्याळ बघितलं.

नऊ मिनिटं लागली, अनू.

घाई काहीच नव्हती. सुजीतला त्या दिवशी संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबता आलं असतं.

चारुदत्त